अंबूबाईंचे अर्धे वाक्य

दुसऱ्याचे वाक्य हाती घेणे हे दुसऱ्याचे तान्हे मूल कडेवर घेण्यासारखे आहे. घेताना कौतुक वाटते, चार पावले मिरवावेसेही वाटते. परंतु परत देताना ते जसे घेतले तसेच, सर्व अवयवांनिशी, आईच्या हाती गेले पाहिजे. हा नियम मी कोणत्याही स्मृतिग्रंथात वाचलेला नाही. तो मला वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, नवलाख उंबरे गावच्या एका भातखाचरात, चिखलात बसलेला असताना समजला. उभा असताना नव्हे; बसलेला असताना. त्या बैठकीपर्यंत मी कसा पोहोचलो, ते क्रमाने निवेदन करतो.

मुळाशी एक इंग्रजी कोश आहे, आणि तो सर्वथा निर्दोष आहे, हे आधीच सांगून टाकतो. तुंगार्लीचा एक जुना बंगला रिकामा होत होता. तेथील ग्रंथ लोणावळ्याच्या रद्दीवाल्याकडे येऊन पडले होते. पाहुण्यांसाठी चिक्की आणावयास गेलेला मी दोन जाडजूड खंड घेऊन तळेगावास परतलो. चिक्की राहिली. आमच्या सौभाग्यवती राजेश्वरीबाई यांनी पिशवीचे वजन अजमावले आणि विचारले, “परवा पाहुणे आले, की त्यांना हाच फोडून द्यायचा का?”

खंडांची आरंभीची पाने वाळवीने भक्षिली होती. त्यामुळे कोशकर्त्याचे नाव मला आजही ठाऊक नाही. परंतु त्या पुण्यपुरुषाची रीत पाहून मी थक्क झालो. आमच्या पाठशाळेत कोश म्हणजे मुखोद्गत करावयाचे श्लोक. कोशकाराने सांगावे आणि आपण मान डोलवावी. येथे प्रकार निराळा होता. शब्द, त्याचा अर्थ, आणि अर्थाच्या खाली कोणा कवीचे, कोणा धर्मोपदेशकाचे, कोणा वैद्याचे, कोणा दर्यावर्दीचे वाक्य, त्याच्या नावासह. ‘ओझे’ या अर्थाच्या एका शब्दाखाली पाच वाक्ये होती. कवीचे ओझे विरहाचे होते, धर्मोपदेशकाचे पापाचे, दर्यावर्दीचे मिरीच्या पोत्यांचे. कोशकार न्यायाधीशाच्या आसनावर बसलेलाच नव्हता. तो कोपऱ्यात बसून आदराने साक्षी उतरवून घेत होता. त्या लेखकांपैकी कित्येकांचे ग्रंथ आज कोणी उघडीत नसेल. ग्रंथ बुडाले, एक वाक्य तेवढे शब्दाला धरून तरले. आमच्या न्यायशास्त्रात आप्तवाक्याला प्रमाण मानले आहे. ते प्रमाण इतक्या विनयाने मांडलेले मी प्रथमच पाहिले.

तीन आठवडे मी ते खंड वाचले. चौथ्या आठवड्यात संकल्प सोडला, की मावळच्या बोलीतील शब्दांचा असाच एक लहानसा कोश आपण करावा. येथील शब्दांना लेखक कोठून आणावेत, हा प्रश्न होता. उत्तर सोपे निघाले. जो बोलतो तो लेखक. त्याचे वाक्य, खाली त्याचे नाव.

संकल्प मनात ठेवला असता तर तो शुद्ध राहिला असता. परंतु आम्ही गृहनिर्माण संस्थेत राहतो, आणि तेथे संकल्पाला सभासदत्व आपोआप मिळते. समोरच्या घरातील अतुल हे एका कारखान्यात मालाची गुणवत्ता तपासतात. ते त्याच संध्याकाळी येऊन बसले.

“काका, आयडिया फर्स्ट क्लास. पण ट्रेसेबिलिटीचं काय?”

“म्हणजे?”

“उद्या कुणी म्हणालं, मी असं बोललोच नाही, तर? प्रत्येक वाक्याचा माग लागला पाहिजे. नाहीतर आमच्याकडं आख्खा लॉट रिजेक्ट होतो.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक छापील नमुना करून आणला. अनुक्रमांक, नाव, गाव, दिनांक, कथन, आणि तळाशी ‘सही अथवा अंगठा’. तिसऱ्या मजल्यावरील एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी तो जिन्यातच वाचला व “दोन साक्षीदारांच्या सह्याही घ्या,” असे सुचवले. राजेश्वरीबाई म्हणाल्या, “कोश करताय की कुणाला अटक?” मी या उद्गाराकडे दुर्लक्ष केले. तो नमुना मला फार देखणा वाटला होता, हे लज्जेने कबूल करतो.

माझ्या पहिल्या आणि सर्वश्रेष्ठ लेखिका म्हणजे अंबूबाई. त्या दर रविवारी नवलाख उंबऱ्याहून आमच्या फाटकाशी भाजी आणि घरचा इंद्रायणी तांदूळ घेऊन बसतात. वय पासष्टच्या पुढे. अकरा वर्षांपूर्वी पती निवर्तले, मुलगा सत्यम कारखान्यात पाळीवर, सून अनिता घर आणि शेत सांभाळते. अंबूबाईंचे बोलणे ऐकावे आणि व्याकरणकारांनी टाक खाली ठेवावेत, असे आहे.

“गुरुजी, माज्या बोलन्यात काय सोनं हाय व्हय, ल्हून घ्यायला?”

“आहे, अंबूबाई.”

“मंग आमच्या सुनंला येवढं सांगा की. ती म्हन्ती, आत्या, जरा गप ऱ्हावा.”

दोन महिन्यांत त्यांनी मला त्रेचाळीस शब्द दिले. प्रत्येकाची एक चिठ्ठी, प्रत्येकीवर त्यांची वळणदार सही. आषाढाच्या आरंभी मी त्यातील निवडक शब्दांचे एक नमुनापत्रक छापले. सतराव्या क्रमांकाला असे होते:

‘कोरणे. शेजारच्या बांधाची माती दरसाल थोडी थोडी काढून आपले शेत वाढवणे. “नथूभावजींनी बांध कोरून कोरून पार धाग्यावानी केलाय.” अंबूबाई, नवलाख उंबरे.’

धाग्यावानी! या उपमेवर मी इतका लुब्ध होतो, की नथूभावजी ही जिवंत, दोन पायांची व्यक्ती असेल, हा विचार मनाला शिवला नाही. अतुलरावांनी पत्रकाचे छायाचित्र संस्थेच्या गटावर टाकले. पत्रके पिशवीत असतानाच ते छायाचित्र नवलाख उंबऱ्यात पोहोचले.

चौथ्या दिवशी नथूभाऊ आले. अंबूबाईंचे चुलत दीर, सत्तरीचे, उंच, डोक्याला पांढरी टोपी. फाटकावरच्या वहीत ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात त्यांनी ‘बांध’ असे लिहिले होते.

“गुरुजी ते तुमीच?”

“मीच. बसा, नथूभाऊ. चहा घ्या.”

“च्या नगं. ह्येच्या मूळ कागदावर सही हाय?”

“आहे. अंबूबाईंची.”

“तारीख?”

“आहे.”

“लंबर?”

“सतरा.”

“मंग ह्यो जबाब न्हाई तर काय हाय?”

मी त्यांना पाऊण तास समजावले. कोश शब्दाची ग्वाही देतो, कृत्याची नव्हे. एखाद्या कवीने ‘चंद्र माझ्या परसात उतरला’ असे लिहिले, तर कोशकार परसात चंद्र शोधावयास जात नाही. नथूभाऊंनी सर्व शांतपणे ऐकून घेतले.

“बराबर हाय,” ते म्हणाले. “पर चंद्राला गाव काय इचारत न्हाई. मला इचारतंय. सकाळी डेअरीवर दूध घालाय गेलतो, तर चार जण म्हनाले, आबा, धागा तुटला का हाय अजून?”

मी पुन्हा चहाचा आग्रह केला.

“वैनीनं त्ये माघारी घ्यावं,” उठताना ते म्हणाले. “न्हाईतर यंदा सावड न्हाई.”

सावड म्हणजे आज तुझ्या शेतात आम्ही, उद्या आमच्या शेतात तू. या दोन घरांची भातलावणी पिढ्यान्पिढ्या अशी होते. नथूभाऊंच्या घरी सहा माणसे राबणारी आणि दाराशी चिखलणीसाठी, म्हणजे लावणीआधी खाचरात चिखल करण्यासाठी, पॉवर टिलर. अंबूबाईंच्या घरी त्या आणि सून. सत्यमला रजा मिळेना. गावातील मजूर लोणावळ्याच्या हॉटेलांत गेलेले. सावड मोडली, तर अंबूबाईंचे खाचर पडीक राहणार, हे मलाही कळले.

रविवारी मी फाटकाशी जाऊन हात जोडले. “अंबूबाई, ते वाक्य आपण मागे घेऊ.”

“का म्हनून? मी काय खोटं बोलले व्हय?”

“म्हणजे बांध खरोखर कोरला आहे?”

“कोरलाय की! समदेच कोरत्यात. आमच्या सासऱ्यानं बी त्यांचा कोरलाच हुता. बांध हाय म्हंजी कोरायचाच.”

हे दुसरे वाक्य इतके सुंदर होते, की माझा हात नकळत खिशातील चिठ्ठ्यांकडे गेला. शेजारी उभ्या असलेल्या राजेश्वरीबाईंनी माझे पेन काढून घेतले.

“रोप किती दिवसांचं झालं, अंबूबाई?” त्यांनी विचारले. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

“सव्वीस. पस्तिशीच्या फुडं गेलं की मंग फुटवा न्हाई धरत. जनावराला घालायचं.” एवढे बोलून अंबूबाई भाजीवर पाणी शिंपडू लागल्या. त्या दिवशी त्यांनी मला एकही शब्द दिला नाही.

मंगळवारी तालुक्याच्या गावाहून दूरध्वनी आला. पत्रकाच्या तळाशी अतुलरावांनी माझा क्रमांक छापला होता. जमीनमोजणीच्या कार्यालयातून तेजल नावाच्या तरुण कर्मचारी बोलत होत्या. नथूभाऊंनी आपली निर्दोषता सिद्ध व्हावी म्हणून मोजणीचा अर्ज दिला होता आणि त्याला माझे पत्रक टाचले होते. शुक्रवारी बोलावणे होते; मी स्वच्छ धोतर नेसून उपस्थित झालो.

“सर, हा जबाब आपण नोंदवला?”

“हो. म्हणजे, तो जबाब नव्हे. परंतु नोंदवला मीच.”

“कोणत्या अधिकारात?”

“कोशकाराच्या.”

तेजलताईंनी संगणकात पाहिले. “हे पद आमच्या यादीत नाही.”

चाळीस वर्षे मी विद्यार्थ्यांना संस्कृत धातू चालवावयास शिकवले. परंतु यादीत नसलेला मनुष्य म्हणून खुर्चीत बसण्याचा प्रसंग पहिलाच. त्या पुढे म्हणाल्या, “यावर वय नाही, शपथ नाही, साक्षीदारही नाहीत.” तिसऱ्या मजल्यावरील बँक अधिकारी किती द्रष्टे पुरुष आहेत, हे मला तेव्हा उमगले. मग पत्रक चाळता चाळता त्यांचा स्वर बदलला. “सर, हा बाराव्या नंबरचा शब्द आमची आजी वापरायची. ती गेल्यापासून ऐकला नव्हता.” त्यांनी त्या ओळीचे छायाचित्र काढून घेतले. माझ्या कोशाचा तो पहिला सन्मान होता आणि तो एका सरकारी कार्यालयात झाला, हे कृतज्ञतेने नमूद करतो.

“मोजणी आता होणार नाही,” त्या म्हणाल्या. “शेतात पाणी आहे. दिवाळीनंतर तारीख मिळेल. तोवर मूळ प्रत जोडा. हे वाक्य मला अपुरं वाटतंय. सर, आमच्याकडची बाई बांधावर बोलायला लागली की एवढ्यात थांबत नाही.”

मी पिशवीतून सतराव्या क्रमांकाची मूळ चिठ्ठी काढली आणि माझ्याच हस्ताक्षरात वाचले:

“नथूभावजींनी बांध कोरून कोरून पार धाग्यावानी केलाय, पर मालक गेल्यापासनं अकरा वर्सं माजी चिखलनी केल्याबिगर त्यांनी सोताच्या खाचरात पाय न्हाई घातला.”

वाक्य लांब होते. पत्रकात जागा कमी होती. शब्दापुरते ठेवून बाकीचे छाटावे, ही त्या जुन्या कोशांचीही रीत. त्यांची वाक्ये पुष्कळदा अशी कातरलेली असतात. ती कात्री मी मोठ्या भक्तिभावाने चालवली होती. एक भेद तेवढा विसरलो. त्यांचे साक्षीदार बहुधा दिवंगत असत, आणि दिवंगतांची शेते एकमेकांना लागून नसतात.

तेजलताईंनी चिठ्ठी माझ्या हातून घेऊन पुन्हा वाचली. “सर,” त्या हळू म्हणाल्या, “अर्ज मी दोन-चार दिवस बाजूला ठेवते. तुम्ही आधी हे त्यांना वाचून दाखवा.”

अतुलरावांनी लगेच मोटार काढली. “मूळ डॉक्युमेंट हातात आहे काका, केस क्लोज!” आम्ही नवलाख उंबऱ्यास पोहोचलो, तेव्हा अंबूबाई ओटीवर तांदूळ निवडीत होत्या. मी अपराध कबूल केला, क्षमा मागितली आणि पूर्ण वाक्य नथूभाऊंना वाचून दाखवण्याची अनुज्ञा मागितली. सूप खाली आपटले.

“खबरदार, गुरुजी! त्ये तुमास्नी सांगितलं, त्यांस्नी न्हाई.”

“परंतु ही तर स्तुती आहे.”

“म्हनूनच! दिराच्या तोंडावर कुनी स्तुती करतं व्हय? अकरा वर्सांत एक डाव न्हाई केली. आन् आता रोप अडलंय तवा केली, तर काय म्हनतील? वैनी गरजंला गोड झाली.”

अनिता दारातून म्हणाली, “आत्या, एकतिसावा दिवस आहे आज.”

“आसू दे. जनावराला घालू.”

पीक जाणार होते. परंतु खरे बोलणे उसन्या वेळी खर्च करावयाचे नाही, हा त्या माउलीचा नेम होता. एवढा कडक नेम मी मोठमोठ्या पंडितांत पाहिलेला नाही. अनुज्ञेवाचून ते वाक्य उच्चारण्याचा अधिकार मला नव्हता.

नथूभाऊंच्या अंगणात जाऊन मी एवढेच म्हणालो, “ते वाक्य मी अर्ध्यात तोडले. दोष सर्वस्वी माझा आहे. पुढील भाग सांगण्याची मला परवानगी नाही.”

“फुडं वाईट हाय का चांगलं?”

“ते सांगितले, तर सांगितल्यासारखेच होईल.”

“पुढचा भाग कॉन्फिडेन्शियल आहे, आबा,” अतुलराव मदतीस धावले, आणि सर्व नाश झाला. नथूभाऊंची मुद्रा काळवंडली. जे छापील कागदावर सांगता येत नाही ते काय असेल, याची चर्चा दुसऱ्या दिवशी डेअरीवर सुरू झाली. कोणी म्हणाले, विहिरीचे असेल. कोणी म्हणाले, जुन्या वाटणीचे. एकाने तर पुढील वाक्य रचून, त्याला यमकही जुळवून दिले. माझ्या कोशाला लेखक मिळत नाहीत, अशी तक्रार करण्यास आता जागा उरली नाही.

चौतिसाव्या दिवशी राजेश्वरीबाई सकाळी सहाला लुगडे खोचून तयार झाल्या. “वाक्य तुम्ही तोडलंत, रोप तुम्हीच लावा. चला.” आम्ही दोघे आणि अतुलराव खाचरावर गेलो. अंबूबाई आणि अनिता कुदळीने चिखल करीत होत्या. हाताने. एका वाफ्याला दुपार झाली असती, आणि वाफे नऊ होते.

त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी मला तो बांध ओलांडावयाचा होता. मी धोतर सावरून त्यावर पाऊल ठेवले, दुसरे ठेवले, आणि तिसऱ्यासाठी बांधच उरला नव्हता. मी अंबूबाईंच्या खाचरात बसलो. शब्दप्रमाणाला प्रत्यक्षप्रमाणाची जोड मिळाली. उपमेत अतिशयोक्तीचा लेशही नव्हता.

“लागलं का हो, गुरुजी?” वरून आवाज आला. पलीकडे नथूभाऊ उभे होते. रिकाम्या हातांनी, चिखल न लागलेल्या पायांनी. ते माझ्याकडे पाहत नव्हतेच.

“वैनी,” ते म्हणाले, “तीन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. काय आसंल ते एकदाचं बोला. फुडं काय हाय?”

अंबूबाईंनी कुदळ टेकली. घाम पुसला.

“चिखलनी करा. मंग सांगते.”

नथूभाऊंनी अंबूबाईंकडे पाहिले, मग कोपऱ्यातल्या पिवळे पडू लागलेल्या रोपाकडे. मग ते घराकडे वळले. थोड्या वेळाने पॉवर टिलरचा आवाज आला आणि त्याच्यामागून, कोणी न बोलावता, त्यांच्या घरची सहाही माणसे आली. दुपारपर्यंत नऊ वाफे लोण्यासारखे झाले. मग ओळी धरल्या. राजेश्वरीबाई दहा वर्षे तरुण दिसत होत्या. अतुलराव प्रत्येक मूठ सारख्या अंतरावर आहे की नाही, ते पाहत मागे राहिले, म्हणून त्यांना शिव्या बसल्या. मला बसण्याचा अनुभव असल्यामुळे रोपाच्या जुड्या मोजून देण्याचे काम दिले गेले.

दिवस कलला, तेव्हा शेवटची ओळ बांधाला टेकली. नथूभाऊंनी पाटात पाय धुतले आणि वर येऊन उभे राहिले.

“आता सांगा.”

अंबूबाईंनी हिरव्या झालेल्या खाचरावरून नजर फिरवली. मग बांधापलीकडे, नथूभाऊंच्या खाचराकडे पाहिले. तेथे पाणी तुंबलेले होते. कोणी पाऊल घातलेले नव्हते.

“आता काय सांगायचं?” त्या म्हणाल्या. “क्येलंसा की तुमी त्येच.”

नथूभाऊंनीही त्या न तुडवलेल्या पाण्याकडे पाहिले. मग टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

“मंग उद्या माज्यात या समदी,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. “आन् गुरुजी, छापायचं तर आख्खं छापा. धागा बी ऱ्हाऊ द्या.”

अंबूबाईंनी मान वळवून घेतली होती. त्यांनी नाही म्हटले नाही.

तेजलताईंकडून तो अर्ज नथूभाऊंनी परत आणला. सतराव्या क्रमांकाला आता संपूर्ण वाक्य आहे. त्यासाठी मी माझी प्रस्तावना निम्मी कापली आणि तिचे काहीच बिघडले नाही.

अंबूबाईंच्या भाताला भरघोस फुटवा येवो. नथूभाऊंना शांत झोप लागो. अनिता आणि सत्यम यांना पुढच्या आषाढात एकत्र एक दिवस मिळो. अतुलरावांच्या मालात खोट न निघो, तेजलताईंच्या घरी आजीचे शब्द बोलले जावोत, आणि माझ्या अर्धांगीचे गुडघे लावणीनंतर फार न दुखोत. ज्या अनामिक कोशकर्त्याने दुसऱ्यांची वाक्ये इतक्या मानाने सांभाळली, तो जेथे असेल तेथे सुखी असो.

सर्वांचे कल्याण होवो.